क्रीम पायचा खेळ ठेवलाय, क्रीम कोणतं घेऊ?

प्रश्न : ताई नमस्कार. मी आर्वी तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत शिकवतो. जानेवारीत गॅदरिंग आहे आणि पोट्ट्यांनी मोबाईलवर पाहून हट्टच धरलाय की सरांच्या तोंडावर क्रीम पाय, म्हणजे क्रीमने भरलेली ताटली, मारायचा खेळ पाहिजे म्हणजे पाहिजे. आम्ही सर लोकही हो म्हटलो. ३० ताटल्या तरी लागतील. घरची साय जमा करून फेटून पाहिली तर त्याचं लोणी झालं. काही जण म्हणतात शेव्हिंग फोम आणा, स्वस्तात काम होते. आमच्या आईला हे काहीच पटत नाही, ती म्हणते खायची वस्तू अशी तोंडाले फासतात का. काय करावं जी?
– एक शिक्षक, जि. वर्धा

उत्तर : सर, पहिले शेव्हिंग फोम डोक्यातून काढून टाका. दिसायला तो एकदम क्रीमसारखा दिसतो हे खरंय पण त्यात साबण असतो, डोळ्यात गेला की आग आग होते आणि तोंडावर ताटली बसली की माणूस दचकून तोंड उघडतोच, मग तो सरळ पोटात. आमच्या ओळखीतल्या एका कार्यक्रमात असंच झालं होतं, ज्यांच्या तोंडावर मारला ते काका अर्धा तास नळाखाली डोळे धूत बसले आणि सगळ्या खेळाचा बट्ट्याबोळ झाला. तेव्हापासून माझा एकच नियम आहे, जे जिभेवर चालत नाही ते तोंडावर मारायचं नाही.

आता सायीचं. तुमचं काही चुकलं नाही. आपण दूध तापवून जी साय काढतो त्यात फॅटचे गोळे आधीच एकमेकांना चिकटलेले असतात, ते हवा धरून ठेवत नाहीत, घुसळलं की लोणीच होणार, आपल्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आल्या. क्रीम फुलायला कच्च्या दुधातून काढलेलं आणि साधारण ३० ते ३५ टक्के फॅटचं क्रीम लागतं, तेही एकदम थंड. दुकानात छोट्या डब्यात जे फ्रेश क्रीम मिळतं त्यात फॅट २५ टक्क्यांच्या आसपास असतं, भाजीत घालायला चांगलं पण फुलत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

तुमच्या कामाचं आहे ते केकवाले वापरतात ते नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम. तालुक्याला केकचं सामान मिळतं त्या दुकानात १ लिटरच्या पॅकमध्ये फ्रीझरमधलं मिळेल. ते वनस्पती तेलाचं असतं, गोड असतं आणि फेटल्यावर जवळजवळ तिप्पट होतं. रात्री फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवायचं, सकाळी वितळलं पण थंडगार आहे असं असताना फेटायचं, आणि एकदा वितळलं की परत गोठवायचं नाही. जानेवारी आहे म्हणून तुम्हाला सोपं जाईल, आपल्याकडे तेव्हा सकाळी चांगलाच गारठा असतो. गंज आणि रवी आधी फ्रीजमध्ये ठेवा, फेटताना गंजाखाली बर्फाचं घमेलं ठेवा. मिक्सरच्या भांड्यात फिरवू नका, ते गरम होतं आणि क्रीम बसतं.

पण ३० ताटल्या नुसत्या क्रीमने भरायच्या म्हटलं तर हिशोब लावून पाहा, १८ सेंटिमीटरची ताटली आणि २ सेंटिमीटरचा थर म्हणजे एका ताटलीला अर्धा लिटर, ३० ला १५ लिटर. म्हणून मी सांगते तसं करा. ९ लिटर पाणी, त्यात पाऊण किलो कॉर्नफ्लोअर, आधी थोड्या गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, मग उकळत्या पाण्यात धार सोडत ढवळत राहा, आपण खळ शिजवतो ना अगदी तसंच. साखर अजिबात घालू नका, मुंग्या येतात आणि अंग चिकट होतं. पॅकची दोनच क्रीमं आणा, फेटून ६ लिटर होतील, ती गार झालेल्या खळीत हलक्या हाताने मिसळा. वरून दिसायला मूठभर नुसतं क्रीम ठेवलं की झालं, लांबून कोणालाच कळत नाही आत काय आहे. चमचा उलटा केला की मिश्रण चिकटून राहिलं पाहिजे आणि थोड्या वेळाने गोळ्याने खाली घसरलं पाहिजे. पातळ झालं तर तोंडावर टिकत नाही, सरळ शर्टावर ओघळतं आणि मजाच जाते.

एक गोष्ट नीट वाचा. ही खळ वरून गार लागते पण आतून तासन्‌तास गरम राहते. त्यामुळे ती आदल्या रात्रीच करा, दोन-तीन परातींत पसरून ओलं फडकं टाकून ठेवा, आणि सकाळी वरवर हात लावून भागवू नका, बोट पार मधोमध बुडवून पाहा. कोमट जरी लागली तरी थांबा. गरम खळ चेहऱ्याला चिकटली तर पुसता येत नाही, भाजतं. शिवाय क्रीम टाकलं की तेही वितळून पाणी होईल.

ताटलीचं मी मुद्दाम सांगते कारण आपल्या भागात पहिले पळसाची पत्रावळच डोळ्यासमोर येते, मलाही तीच आवडते. पण हाताने लावलेल्या पत्रावळीत काड्या असतात, एखादी काडी वर आलेली असली तर डोळ्यालाच लागायची. इथे ती नको. मऊ कागदाची ताटली घ्या, काठ हाताने दाबून पाहा, वाकला पाहिजे. थर्माकोलच्या ताटल्यांवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे. आणि परदेशातल्या खऱ्या पायसारखं खाली बिस्किटाचं कवच करायच्या भानगडीत पडू नका, ते कडक असतं, नाक फोडेल. हा खेळ तिकडच्या मुक्या सिनेमांच्या काळापासून चालत आलाय, १९२७ च्या लॉरेल-हार्डीच्या एका मूकपटात तर ताटल्यांची भलीमोठी लढाई आहे, पण ते पडद्यावर असतं सर, आपल्या पोरांनी लांबून फेकायचं नाही. एक हात अंतरावर उभं राहून ताटली हळूच समोरून दाबायची, मारणाऱ्याने १, २, ३ म्हणायचं, समोरच्याने चष्मा काढून डोळे आणि तोंड मिटायचं. ज्याला नको त्याला आग्रह नाही, लाजरं लेकरू असेल तर त्याला ताटल्या भरायचं काम द्या, ते त्यात रमतं. क्रीमच्या पॅकवर काय काय घातलंय ते वाचा आणि कोणाला दूध किंवा शेंगदाणा सोसत नसेल तर आधी विचारून घ्या.

आईचं म्हणणं मला मनापासून पटतं. कास्तकाराच्या घरात दुधातुपाची नासाडी कोणाला बघवत नाही आणि बघवू पण नये. त्यांना सांगा की यात साय नाही, तूप नाही, क्रीम वनस्पती तेलाचं आहे, आणि उरलेली खळ खताच्या खड्ड्यात जाईल. त्यांना त्या दिवशी बोलवा, पहिली ताटली त्यांच्याच हातून तुमच्या तोंडावर लागू द्या.

प्रश्न : आम्हाला हाच खेळ धुळवडीला अंगणात करायचा आहे. चालेल का?
– एक आई, जि. यवतमाळ

उत्तर : मार्चमधल्या आपल्या उन्हात क्रीम नाही टिकत हो ताई, ताटली भरेस्तोवर पाणी होईल. आणि ३२ अंशाच्या वर ऊन असलं की बाहेर ठेवलेलं क्रीम तासाभरात खायच्या लायकीचं राहत नाही, आणि लेकरं तर बोटं चाटणारच. तुम्ही नुसती कॉर्नफ्लोअरची खळ करा, थोडी जास्त घट्ट, लिटरला १०० ग्रॅम. ती उन्हात वितळत नाही. तेव्हा पळस फुललेला असतो, फुलांच्या पाकळ्या उकळून गाळलेलं पाणी खळ शिजवतानाच घाला, काय सुंदर केशरी पिवळा रंग येतो, मी दरवर्षी करते. हिरवं-जांभळं दुकानातलं काही टाकू नका.

प्रश्न : केसातलं क्रीम निघत नाही, तेलकट राहतं. काय लावू?
– एक वाचक, जि. अमरावती

उत्तर : पाणी ओतायची घाई करू नका. आधी कोरड्या दुपट्ट्याने निपटून घ्या, मग केसात कोरडं बेसन चोळा, दहा मिनिटांनी झटका आणि कोमट पाण्याने शिकेकाई लावून धुवा. कॉर्नफ्लोअरची खळ मात्र वाळू देऊ नका, वाळली की पापडी होते, ती ओली असतानाच गार पाण्याने सहज निघते. अंगणातली पण लगेच फड्याने ओढून घ्या, नाहीतर फरशीवर पाय घसरतो.