लिंक्सवर प्रथमच खेळणाऱ्या शिष्येस पत्र

पुणे

प्रिय शिष्येस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. एडिनबर्गमधला अभ्यास आटोपत आला असताना सेंट अँड्र्यूजला जाऊन ओल्ड कोर्स या तिथल्या जुन्या मैदानावर गोल्फची एक फेरी खेळण्याचा तुझा बेत वाचून फार आनंद झाला. चेंडू उंच चढवून ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतालच्या गुळगुळीत हिरवळीवर, जागच्या जागी थांबवता यावा म्हणून अधिक लॉफ्टची, म्हणजे अधिक कललेल्या तोंडाची, नवी वेज काठी घ्यावी का, असे तू विचारले आहेस. घेऊ नकोस. येरवड्याच्या मैदानावर मी तुला शिकवला तो हवेतून जाणारा खेळ आहे, आणि तिथे जो खेळायचा आहे तो जमिनीवरून जाणारा आहे. या एका फरकासाठीच हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला उंचसखल वाळवट पट्टा. कोकणात पुळण संपल्यावर आणि माडांच्या वाड्या सुरू होण्याआधी जी जमीन लागते, तशी. मात्र तिथे सुरूच्या बनाऐवजी आखूड, बारीक पात्यांचे फेस्क्यू गवत आणि पिवळ्या फुलांची काटेरी गॉर्सची झुडपे असतात. या जमिनीत नांगर चालण्यासारखे काही नव्हते, म्हणून ती गावाकडे चराईसाठी, सशांसाठी आणि खेळासाठी राहिली. १५५२ सालच्या एका सनदेत गावकऱ्यांचा तिथे गोल्फ खेळण्याचा हक्क नोंदलेला आहे. तुझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की वाळूतून पाणी झपाट्याने निचरून जाते आणि उन्हाळ्यात जमीन टणक होते. आपल्याकडे जुलैत चेंडू पडतो तिथेच रुतून बसतो, आणि तिथे तो पडल्यावर त्याचा खरा प्रवास सुरू होतो.

म्हणून ग्रीनपासून साठ-सत्तर यार्डांवर आलीस की वेजकडे हात जाऊ देऊ नकोस. टणक जमिनीवर वेजची जाड कड आपटून उसळते आणि चेंडूचा मधोमध फटका बसून तो ग्रीन ओलांडून जातो. सात किंवा आठ नंबरची आयर्न, म्हणजे कमी कललेली लोखंडी काठी, घे, चेंडू उजव्या पायाकडे सरकवून ठेव, हात चेंडूच्या थोडे पुढे राहू दे, आणि ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याची काठी, पटर, फिरवावा तितक्याच शांतपणे अर्धा फटका मार. तो ग्रीनच्या बराच अलीकडे टाकायचा आणि उरलेले अंतर उतारांवर सोपवायचे. इथे आधी ठरवायचे असते ते चेंडू कुठे टेकणार आणि तिथून जमीन त्याला कुठे नेणार हे; झेंड्याचा विचार त्यानंतर. गवत आखूड असेल तर ग्रीनच्या बाहेर वीस-तीस पावलांवरूनही खुशाल पटर वापर. तिथले जाणते लोक हेच करतात, त्यात कमीपणा काहीही नाही.

वाऱ्याबद्दल तुला वेगळी काळजी घ्यावी लागेल, कारण समोरून वारा आला की जोर वाढवण्याची तुझी सवय मला ठाऊक आहे. जोराने मारलेल्या चेंडूला उलटी फिरकी अधिक मिळते, त्यामुळे तो वाऱ्यात वर चढतो, क्षणभर लटकतो आणि सरळ खाली पडतो. एक किंवा दोन नंबर मोठी, म्हणजे कमी आकड्याची, काठी घे, पकड थोडी खाली सरकव आणि नेहमीपेक्षा हळू फिरव. ओल्ड कोर्स गावापासून ईडन नदीच्या मुखाकडे जातो, तिथे एक वळसा घेतो आणि जवळजवळ त्याच वाटेने परत येतो, त्यामुळे जाताना पाठीशी असलेला वारा येताना तोंडावर येतो. भरती-ओहोटीबरोबर वारा दिशा बदलतो असे तिथले लोक मानतात. शाळेच्या भूगोलात खारे आणि मतलई वारे शिकलेल्या तुला यात नवल वाटणार नाही, पण पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, ठरवलेला वाऱ्याचा अंदाज दहाव्या टीवर पुन्हा तपासून घे.

आता बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे. या मैदानावर ते शंभराहून अधिक आहेत आणि त्यांतले कित्येक टीवरून दिसतच नाहीत. पूर्वी हे मैदान उलट दिशेनेही खेळले जाई, त्यामुळे काही बंकर आजच्या खेळाडूकडे पाठ करून बसले आहेत. बाराव्या होलवर तर समोर फेअरवे, म्हणजे आखूड गवताची वाट, निर्धोक दिसतो आणि सारे संकट त्याच्या पोटात दडलेले असते. यावर एक चांगला उपाय आहे. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि ते मैदान साऱ्या गावाची बाग होते; माणसे मुलाबाळांना आणि कुत्र्यांना घेऊन तिथे फिरायला येतात. खेळायच्या आधीच्या रविवारी तू जा, अठराव्या ग्रीनपासून सुरुवात कर आणि सगळे मैदान उलटे चालत ये. टीवरून न दिसणारी प्रत्येक खाच तुला समोरून दिसेल. मी हे केले नव्हते, आणि त्याची किंमत अकराव्या होलवर मोजली.

तो होल आखूड आहे, पार तीन, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा. मागे नदीचे मुख आणि पुढ्यात स्ट्रॅथ नावाचा खोल बंकर. मी वाऱ्याविरुद्ध उंच फटका मारला, चेंडू त्या बंकरात पडला, आणि गवताचे थर एकावर एक रचून बांधलेल्या त्या उभ्या भिंतीवरून पुढेच काढण्याच्या हट्टाने मी तीन फटके वाया घालवले. मागे किंवा बाजूला काढला असता तर एकाच फटक्याचे नुकसान झाले असते. १९२१ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत १९ वर्षांच्या बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूने याच होलवर हिल बंकरात अडकून स्पर्धा सोडून दिली होती. पुढे १९२७ मध्ये त्याने इथेच ओपन जिंकली आणि १९५८ मध्ये या गावाने त्याला मानाचे नागरिकत्व दिले. टायगर वुड्सने २००० सालच्या ओपनमध्ये चार दिवसांत एकाही बंकरात चेंडू जाऊ दिला नाही. तुझा चेंडू जाईल. तेव्हा आधी बाहेर पडण्याची सोपी वाट बघ. टीवरून शंका वाटली तर डावीकडे मार, कारण तिकडे परतीच्या होल्सची मोकळी जमीन आहे आणि उजवीकडे गॉर्स.

तिथल्या सात ग्रीन जोडग्रीन आहेत आणि प्रत्येकीवरच्या दोन होल्सच्या क्रमांकांची बेरीज १८ होते. जाताना पांढरा झेंडा तुझा, येताना तांबडा. या ग्रीन इतक्या विस्तीर्ण आहेत की ग्रीनवर पोहोचूनही चाळीस पावलांचा पट, म्हणजे पटरने मारायचा फटका, समोर उरू शकतो. त्याची तयारी मैदानाला लागूनच असलेल्या एका जागेत होते, आणि तिचे नाव हिमालय आहे. चढउतारांनी भरलेले हे पटिंगचे मैदान १८६७ मध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या पटिंग क्लबचे; खांद्याच्या वर काठी उचलणे स्त्रियांना शोभत नाही असे मानणाऱ्या काळातले. व्यावसायिक स्त्री खेळाडूंची ओपन ओल्ड कोर्सवर पहिल्यांदा झाली ती त्यानंतर बरोबर १४० वर्षांनी, २००७ मध्ये, आणि ती लोरेना ओचोआने जिंकली. थोडे पैसे भरून हिमालयावर कोणालाही खेळता येते. तू तिथे निदान एक तास घालव.

सतराव्या होलवर ग्रीन अरुंद आणि तिरकी आहे, डावीकडे रोड बंकर, पलीकडे रस्ता आणि दगडी भिंत. १९७८ च्या ओपनमध्ये टॉमी नाकाजिमा या जपानी खेळाडूचा चेंडू ग्रीनवर असताना त्याने मारलेला पट उताराने वाहत त्या बंकरात गेला आणि त्या एका होलवर त्याला नऊ फटके लागले. तू दुसरा फटका ग्रीनच्या उजव्या पुढच्या कोपऱ्याअलीकडे ठेव, तिथून चेंडू घरंगळत वर ने, आणि पाच झाले तर समाधान मान. अठराव्या ग्रीनच्या पुढ्यातल्या, पापाची दरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोलगट भागातूनही चेंडू असाच जमिनीवरून ने.

खेळाची वेळ बहुतेक दोन दिवस आधी चिठ्ठ्या काढून मिळते. हँडिकॅपचा, म्हणजे तुझ्या खेळाच्या पातळीचा, दाखला जवळ ठेव. कॅडी, म्हणजे काठ्या वाहणारा आणि वाट सांगणारा मदतनीस, जरूर घे आणि चेंडूच्या दिशेबद्दल त्याच्याशी वाद घालू नकोस. झेंड्यापासून पंधरा यार्ड बाजूला मार असे तो सांगेल, तेव्हा त्याने तो उतार हजार वेळा पाहिलेला असतो.

रविवारी उलटे चालताना चौदाव्या होलवरचा हेल बंकर तुला किती अंतरावरून दिसला, हे मात्र पुढच्या पत्रात न विसरता लिही.

तुझे
सर