पाणी नितळ दिसतंय, तरी टेस्ट कशाला?

प्रश्न: खाडीत कालवं वाढवतोय, पाणी एकदम स्वच्छ दिसतं, तरी सारखी टेस्ट करायची का?

उत्तर: हो, करायचीच, कारण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि कालव पाणी गाळूनच खातं, त्यामुळे ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) त्याच्या मांसात पाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त साठतात, म्हणून मांसही लॅबला द्या. युरोपात ‘ए’ दर्जासाठी, म्हणजे कालवं थेट खायला विकता येतील अशा पाण्यासाठी, बहुतेक नमुन्यांत 100 ग्रॅम मांसामागे ई. कोलाय 230 च्या आत लागतात. मोठा पाऊस झाला की सांडपाणी वाहून येतं, काढणी थांबवाच! खारेपणाचा मीटर कालवांच्या खोलीपर्यंत सोडा, पावसाचं गोडं पाणी वरच तरंगतं आणि नुसता वरचा आकडा फसवतो. आणि प्लीज, विषारी शेवाळाची टेस्ट चुकवू नका, त्याचं कालवात साठलेलं विष शिजवूनही जात नाही.