चूर्ण, इसबगोल की गुलाबी सिरप?

प्रश्न : ताई नमस्कार. आमचे अण्णा म्हणजे माझे सासरे, वय 72. गेली पाच-सहा वर्षं रोज रात्री पोट साफ व्हायचं चूर्ण घेतात, आधी एक चमचा होता आता दोन झाले, तरी सकाळी तास तास बसतात आणि नाही झालं की दिवसभर चिडचिड. बीपीची गोळी चालू आहे, कॅल्शियम आहे आणि रक्त कमी निघालं म्हणून तीन महिन्यांपासून लोहाची गोळी पण. तेव्हापासून त्रास जास्तच वाढलाय. तीन मेडिकलवाल्यांनी तीन गोष्टी दिल्या, इसबगोल, गुलाबी सिरप आणि एक पावडर. यातलं चांगलं कुठलं? – एक सून, सातारा

उत्तर : ताई, औषधांचं सांगतेच, पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी अडकले. रक्त कमी निघालं, ते का कमी झालं हे कुणी शोधलं का? 72 वर्षांच्या पुरुषाचं लोह कमी होतं तेव्हा आतड्यातून थोडं थोडं रक्त जातंय का हे बघावंच लागतं, त्यात पोटाची तक्रार वाढलेली. घाबरू नका, बऱ्याचदा मूळव्याध नाहीतर अल्सर निघतो, पण कधी कधी आतड्याची गाठही असते आणि ती लवकर सापडली तर फार फरक पडतो. फॅमिली डॉक्टरना सरळ विचारा, दुर्बिणीची तपासणी करायची का म्हणून. लोहाच्या गोळीने शौच काळपट होतं, त्यामुळे नुसतं रंगावरून काही ठरवू नका. आणि लोहाची गोळी स्वतःच पोट बांधते, कॅल्शियमही बांधतं, अम्लोडिपिनसारखी बीपीची गोळी असेल तर तीही काहींना. गोळ्या मनाने बंद करू नका, पण सगळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा.

आता चूर्ण. डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा, बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते, कुठे सनाय लिहितात कुठे स्वर्णपत्री. ती आतड्याला ढोसून हलवते, 6 ते 12 तासांत काम होतं. आयुर्वेदिक आहे म्हणजे सौम्य, असं नाही हो. सोनामुखीने आतडं कायमचं निकामी होतं असं जे सांगतात ते जरा जास्तच आहे, मला अण्णांसाठी काळजी वाटते ती वेगळी, बऱ्याच चूर्णांत मीठ आणि ज्येष्ठमध असतं. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं तर बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं, बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर आणखीनच. आणि जुलाबासारखं सगळं एकदम साफ झालं की आतडं पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात, ते दोन दिवस "झालंच नाही" म्हणून माणूस पुन्हा चमचा उचलतो. आठवड्यातून तीनदा जरी मऊ, विनात्रास होत असलं तरी ते नॉर्मल आहे, हे अण्णांना शांतपणे सांगा.

इसबगोल चांगलं, पण ते कसं घेतात यावर सगळं आहे. एकदा अण्णांच्या समोर अर्ध्या वाटी पाण्यात एक चमचा भुसा टाका आणि पाच-दहा मिनिटं ठेवा, वाटी वाकडी केली तरी सांडणार नाही अशी खळ तयार होते. पाणी कमी पडलं तर पोटातही असाच घट्ट गोळा बसतो आणि उलट अडकतं. म्हणून मोठा ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वरून अजून पाणी, कोरडं तोंडात टाकायचं नाही, आणि बाकी गोळ्यांपासून दोन तास लांब. गुण यायला दोन-तीन दिवस जातात. गिळताना ठसका लागत असेल किंवा आत कडक खडे साठलेले असतील तर सुरुवात याने करू नका.

गुलाबी सिरपांत सहसा लिक्विड पॅराफिन आणि मिल्क ऑफ मॅग्नेशिया असतं. वयस्कर माणसाने हे झोपता झोपता घेतलं आणि ठसका लागून श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसाला सूज येते, शिवाय किडनी कमजोर असेल तर मॅग्नेशियम अंगात साठतं. रोजसाठी अण्णांना मी ते देणार नाही.

ती पावडर बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉल असेल, पाकिटावर बघून घ्या. ती शौचात पाणी धरून ठेवते, 17 ग्रॅम ग्लासभर पाण्यात, एक ते तीन दिवसांत परिणाम. लॅक्ट्युलोजचं गोड सिरपही असंच पाणी ओढतं पण त्याने गॅस फार होतो. 2010 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासून, दोघांची तुलना केली तेव्हा पावडरच सरस ठरली, माझाही अनुभव तोच. तीनमधलं एक निवडायचं तर अण्णांसाठी ही, फक्त किडनीचा किंवा हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. चूर्ण दोनावरून एक, मग अर्धा चमचा असं उतरवत आणा.

आणि हो, घरात कमोड असेल तर पायाखाली एक पाट ठेवा, गुडघे कमरेच्या वर आले की जोर कमी लावावा लागतो. नाश्त्यानंतरच्या अर्ध्या तासात जाऊ दे, दहा मिनिटांत नाही झालं तर उठायचं.

प्रश्न : पोट साफ व्हायची बिसाकोडिलची गोळी दुधाबरोबर घेतली आणि रात्रभर पोटात असा मुरडा आला की विचारू नका. गोळी खराब होती का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : गोळी नाही, दूध नडलं. त्या गोळीला वरून एक आवरण असतं, ते आतड्यात पोचल्यावरच विरघळायला हवं. दूध किंवा अँटासिड घेतलं की ते जठरातच सुटतं आणि मुरडा येतो, गोळी चावली किंवा कुटली तरी तेच. रात्री नुसत्या पाण्याबरोबर अख्खी गिळायची, सकाळी होतं, आणि ही कधीतरी घ्यायची गोळी आहे, रोजची नव्हे. पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि वारासुद्धा सरत नाही असं कधी झालं तर मात्र यातलं काहीच घेऊ नका, तडक हॉस्पिटल गाठा.