नवीन कोर्टात कौटुंबिक हिंसाचाराची प्रकरणं आली असतील तर

न्यायदंडाधिकारी म्हणून तुमच्यासमोर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या (२००५) कलम १२ चा, म्हणजे पीडित बाईने दाद मागण्याचा अर्ज आला की आधी अंतरिम अर्ज (निकालापर्यंतच्या तात्पुरत्या आदेशासाठीचा) वाचा. बाई आज रात्री कुठे राहणार, हा पहिला प्रश्न. शपथपत्रावरून धोका दिसत असेल तर कलम २३ खाली एकतर्फी, म्हणजे समोरच्याला न ऐकता, आदेश देता येतो. ‘गैरअर्जदाराचे म्हणणे यावे’ असं लिहून महिनाभराची तारीख देऊ नका. कायदा पहिली तारीख साधारण ३ दिवसांत ठेवायला सांगतो. (बोर्ड, म्हणजे रोजच्या प्रकरणांची यादी, केवढं असतं, ते मलाही ठाऊक आहे!)

आदेशात नुसतं ‘त्रास देऊ नये’ नको. घराचा पत्ता, तिची नोकरीची जागा, मुलांची शाळा, फोन, सगळं स्पष्ट लिहा, म्हणजे ठाणे अंमलदाराला अर्थ लावत बसावं लागत नाही. प्रत पोलीस ठाण्यात लगेच जाऊ द्या.

पोटगीसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालाप्रमाणे दोघांचीही मालमत्तेची शपथपत्रं मागवा. आणि ‘मिटवायचंय का?’ हे तिला नवऱ्यासमोर विचारू नका.