सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका

ताई, तुम्ही दोघंही एएस पॅटर्न, म्हणजे सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचे वाहक (एक जनुक नेहमीच्या हिमोग्लोबिनचं, ए; दुसरं सिकलसेलचं, एस), बाळ तीन आठवड्यांचं, आणि त्याची सोल्युबिलिटी, म्हणजे रक्त मिसळून द्रावण गढूळ होतं का ते बघायची सिकलसेलची चाचणी, निगेटिव्ह आल्यावर 'आता काळजी नाही' असं तुम्हाला सांगितलं गेलं. त्या निगेटिव्हवर विसंबू नका. सिकलसेलच्या चाचण्या होतात त्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काढली आहेत. या वयात ही चाचणी करण्यातच अर्थ नाही.

नवजात बाळाच्या रक्तात बहुतांश गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे एफ असतं. एस अगदी थोडं. नळीतलं द्रावण गढूळ व्हायला तेवढं एस पुरत नाही, त्यामुळे एसएस, म्हणजे आजार असलेल्या बाळाचं द्रावणही नितळ दिसू शकतं. टाचेला टोचून घेतलेल्या रक्ताची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी, करायला सांगा. बाळाला रक्त चढवलं असेल तर ते आधी सांगा, नाहीतर दात्याचं ए मिसळून रिपोर्ट फसतो.

रिपोर्टमध्ये जास्त असेल ते अक्षर आधी येतं. एफएएस म्हणजे तुमच्यासारखंच वाहक, औषध नको. नुसतं एफएस आलं, ए दिसलंच नाही, तर आजार धरून चालायचं. तुमच्या जोडीत ही शक्यता दर बाळंतपणाला चारात एक. पहिलं मूल चांगलं निघालं म्हणून ती कमी होत नाही, घरची मोठी माणसं काहीही म्हणोत.

बाळ आज छान दिसतंय ते एफमुळे. ते ओसरलं की, साधारण सहा महिन्यांनंतर, हातापायांची बोटं सुजतात आणि मग धावपळ सुरू होते. पण पाणथरीचं (प्लीहेचं) काम त्याआधीच मंदावू लागलेलं असतं, आणि अशा बाळाला न्यूमोकोकस या जीवाणूचा संसर्ग झाला तर तो काही तासांत जिवावर बेततो. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज तोंडावाटे पेनिसिलिन घेणाऱ्या सिकलसेलच्या मुलांमध्ये हे संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी आढळले. म्हणून एफएस आलं तर दोन-तीन महिन्यांच्या आतच बालरोगतज्ज्ञांकडून पेनिसिलिन सुरू करून घ्या. ते पाच वर्षांचं होईपर्यंत चालतं. न्यूमोकोकसवरची पीसीव्ही लस चुकवू नका, आणि पाणथरी हाताने कशी चाचपायची ते त्यांच्याकडूनच शिकून घ्या. ती एकदम वाढली, बाळ पांढरं पडलं किंवा ताप आला, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही.

'आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो' असंही कोणी सांगेल. काहींचा असतो. विदर्भात तसा नसलेली मुलंही मी भरपूर पाहिली आहेत.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानात शून्य ते चाळीस वयोगटाची तपासणी आहे, तेव्हा आधी सरकारी रुग्णालयात विचारा. जाताना तुमचे दोघांचे रिपोर्ट सोबत न्या.