आधी विचार, हे इथंच का?

बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. दोन दिवस, एक गाडी, तू, तुझी मैत्रीण आणि सतरा ठिकाणं. हसू आलं, पण यादी मनापासून आवडली. धबधबे आणि सेल्फी पॉइंट सोडून रस्त्याकडेला उभ्या असलेल्या चमत्कारिक गोष्टी बघाव्यात असं कुणाला सुचत नाही हल्ली. तरी पहिल्यांदा कात्री चालवावी लागेल. लोणार काढ. उल्का आदळून काळ्या पाषाणात पडलेलं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर हे काही जाता जाता डोकावून बघायचं प्रकरण नाही, आणि तुमच्या वाटेवरही नाही. शनिशिंगणापूर काढ, ते नगरच्या पलीकडे. नाणेघाट काढताना माझाही हात अडखळला, पण त्याला वेगळा दिवस द्यावा अशी ती जागा आहे. वाटेबाहेरची बाकीचीही खोडलीस की राहिलं काय? नारायणगाव, खोडद, बोरी, आळे, गुळंचवाडी आणि निघोज. सगळं जुन्नर-पारनेरच्या टापूत, पुण्याहून निघून शिरूरमार्गे परत येण्याजोगं. दोन दिवसांना पुष्कळ झालं.

आता तू विचारलंस की अशा ठिकाणी 'नेमकं बघायचं काय'. गाडी थांबली की मोबाइल बाहेर काढण्याआधी दोघींनी एकमेकींना एकच विचारा: हे इथंच का? आठवत असेल, नकाशा भरताना मी वर्गाला याच प्रश्नाने छळायचे. बंदर इथंच का, कोळसा तिथंच का, ऊस याच तालुक्यात का. विचित्र गोष्ट बघून हसणं सोपं असतं. ती तिथं का आली हे कळलं की हसू जातंच असं नाही, पण जागा मनात राहते.

खोडदपासून सुरुवात कर. नारायणगावातून पूर्वेला वळलात की थोड्याच वेळात कांद्याच्या आणि द्राक्षांच्या शेतांमागून अवाढव्य पांढऱ्या थाळ्या डोकं वर काढायला लागतात. ही जीएमआरटी, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्यात. त्यातल्या १४ मध्यभागी दाटीने आहेत, बाकीच्या तीन दिशांना शेताशेतांत. म्हणून आत शिरायची परवानगी नसली तरी रस्त्यावरून एखादी अगदी जवळून दिसते. तिथं गाडी बाजूला घे आणि थाळीतून आरपार बघ. आरपार म्हणतेय ते खरंच. ती पत्र्याची नाही, बारीक तारांची जाळी आहे, घरं सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरची, आणि पलीकडचं आभाळ स्वच्छ दिसतं. ही दुर्बीण ज्या लहरी पकडते त्यांची लांबी जवळपास वीतभरापासून मीटर-दोन मीटरपर्यंत. एवढ्या लांब लहरीला ती भोकं जाणवतच नाहीत, तिच्या लेखी ती सलग भिंत. वारा मात्र जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च आटोक्यात राहिला. ही युक्ती खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची.

पण खोडदच का? शहरांच्या विजेच्या आणि रेडिओच्या गोंगाटापासून लांब हवं होतं, आणि तरी पुण्याचे कारखाने आणि संस्था हाताशी हव्या होत्या. शिवाय पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या पुरेसं उत्तरेला, कारण त्याच्या जवळपास वरचं वातावरण या लहरींना त्रास देतं, पण इतकंही उत्तरेला नको की दक्षिणेचं आकाश हातचं जावं. एवढ्या अटी घालून मुलगी बघितली तर लग्न जमत नाही, इथं जमलं. याच स्वरूपांनी त्याआधी उटीला दुर्बीण उभारली होती. तिथं त्यांनी मुद्दाम सुमारे ११ अंशांच्या उताराचा डोंगर शोधला. त्या जागेचा अक्षांशही तेवढाच, त्यामुळे उतारावर आडवी टाकलेली दुर्बीण आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाली. मला हा किस्सा फार आवडतो. भूगोलाच्या पुस्तकात धडा म्हणून घालायला हवा होता.

त्या परिसरात फोन बंद ठेवा. नियम म्हणून तर ठेवाच, पण तुमच्या खिशातला फोन त्या थाळ्यांना किती मोठ्याने ओरडल्यासारखा वाटत असेल याचा विचार करूनही ठेवा. आवारात जायचं तर आधी परवानगी काढावी लागते. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास मात्र ते सर्वांसाठी खुलं करतात आणि तेव्हा शाळांच्या बसगाड्यांची रांग लागते.

आता तारखेचा पेच. नारायणगावात तमाशाच्या राहुट्या बघायच्या असतील तर फेब्रुवारीअखेर जरा लवकर होतं. शिवरात्र उलटली की राहुट्या लागायला सुरुवात होते आणि खरा रंग गुढीपाडव्याला. गावोगावच्या यात्रा चैत्र-वैशाखात, म्हणून त्याआधी गावकारभारी इथं येतात, फडांच्या पाट्या वाचत फिरतात आणि यात्रेच्या रात्रीची सुपारी देऊन जातात. तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं हे गाव. इथंच का, याचं उत्तर रस्त्यात आहे: पुणे, नगर, नाशिक, ठाणे अशा चारी बाजूंच्या गावांना सोयीचं पडणारं हमरस्त्यावरचं ठिकाण. तुझी मैत्रीण बँकेत आहे असं लिहिलंयस ना? मग राहुटीत तिला पुढे कर. तू कलेबद्दल विचारशील आणि समोरचा माणूस तुला पाठ केलेलं उत्तर देईल. ती विचारेल इसारा किती घेता, पावसाने खेळ बुडाला तर कुणाचं नुकसान, कनाती आणि ट्रकचा खर्च कोण उचलतं. मग बघ तो व्यवस्थापक कसा सरसावून बसतो. बरोबर कुणी असण्याचा हा मोठा फायदा असतो, की तुला जे सुचणार नाही ते तिला सुचतं. दिवसाउजेडी जा, नमस्कार करा, आणि कलावंत बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. त्या विश्रांती घेत असतात, मेकअप नसतो, लेकरं मांडीवर असतात. तुमच्या घरात कुणी असं घुसून फोटो काढले तर कसं वाटेल?

बोरी बुद्रुकला तुम्हाला पहिल्या नजरेत काही दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर मैत्रीण तुझ्यावर चिडेल. कुकडी नदीचा काठ, झुडपं, कापलेला मातीचा कडा. त्या कड्यात फिकट राखाडी-पांढरा थर आहे. ती ज्वालामुखीची राख. आपल्या डेक्कनच्या लाव्हाशी तिचा संबंध नाही, तो कोट्यवधी वर्षं आधीचा. ही राख बऱ्याच अभ्यासकांच्या मते सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, सुमारे ७४-७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटातली. तिच्या नेमक्या वयावर संशोधकांत मोठा वाद झालाय, कारण तिच्याबरोबर अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं सापडली आणि राखेचं वय ठरलं की त्या माणसाचंही ठरतं. समुद्रापलीकडचा डोंगर फुटतो आणि त्याची धूळ जुन्नर तालुक्यातल्या ओहोळात येऊन साचते. चिमूटभर पडलेली राख बोटांत चोळून बघ, पिठासारखी दिसते आणि कचकचते, कारण ती बारीक काच आहे. कड्यात मात्र बोट घालू नका, उकरू नका, डबीत भरून आणू नका. प्रत्येकाने डबी भरली तर कडा उरणार नाही.

आळ्याला रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले अशी कथा सांगतात, तोच हा रेडा. भावंडं नेवाशाहून आळंदीकडे निघाली तेव्हा तो बरोबर होता आणि इथं त्याने देह ठेवला, अशी श्रद्धा. पैठण, नेवासे, आळे, आळंदी, नकाशावर या चार टिंबांवरून बोट फिरव, म्हणजे समाधी इथंच का ते कळेल. वाटेवर आहे म्हणून. तुम्ही दोघी कथा मानता की नाही हा तुमचा प्रश्न. तिथं मात्र रेड्यापुढे डोकं टेकवणाऱ्या म्हाताऱ्या वारकऱ्याकडे बघून एकमेकींना कोपर मारू नका. मला विचारशील तर ज्या समाजाने जनावराला समाधी बांधली त्याच्याबद्दल मला आदरच वाटतो.

जेवण आळेफाट्याच्या आसपास करा, आणि मासवडी मागवा. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसणाचं सारण भरून वळलेली, वर झणझणीत रस्सा, सोबत बाजरीची भाकरी. शाकाहारी आहे, मैत्रिणीला सांग. रस्सा आधी चमचाभर चाखून मगच वडीवर ओता. तिथला तिखटपणा पुण्याचा नाही.

आळेफाट्याहून नगरच्या दिशेने, बेल्हे ओलांडून आणे घाटाकडे जाताना गुळंचवाडीपाशी हळू व्हा. इथं लोक भुर्रकन निघून जातात आणि आपण काय ओलांडलं ते त्यांना कळतच नाही. रस्ता एका नैसर्गिक पुलावरून जातो. ओढ्याच्या पाण्याने खडकातली कच्ची जागा धरून खालून पोखरत नेलं, वरची कमान राहिली, आणि रस्ता करणाऱ्यांना पूल आयता मिळाला. गाडी सुरक्षित जागी लावून खाली ओढ्यात उतरा. जवळच मळगंगेचं देऊळ आहे. कमानीखाली उभं राहिलं की गारवा असतो आणि मध्येच डोक्यावरून ट्रकची घरघर जाते. त्या ट्रकवाल्याला वाटतं आपण नुसत्या रस्त्यावर आहोत.

रात्री मुक्काम नारायणगाव किंवा आळेफाट्याला करा, आणि अंधार पडायच्या आत पोचा. हा बिबट्यांचा मुलूख आहे आणि उसाच्या फडांत ते राहतात, अक्षरशः पिल्लं वाढवतात. संध्याकाळनंतर बांधावर फिरायला, फोटो काढायला किंवा आडोशाला म्हणून उसाकडे जायचं नाही. स्वच्छतागृह पेट्रोल पंपावर, लाज न बाळगता. हे तुम्हाला कुणी प्रवासवर्णनात लिहून देणार नाही म्हणून मी लिहिते.

दुसऱ्या दिवशी अळकुटीमार्गे निघोज. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. पुन्हा तीच कुकडी, पण इथं तिने पात्रातला काळा खडक कोरून रांजणखळगे केलेत. कुठे वाटीएवढे, कुठे माणूस बुडेल एवढे खोल, एकमेकांत फुटलेले, वळणदार. पाट्यांवर 'आशियात सर्वात मोठे' वगैरे वाचशील. पाट्या लिहिणाऱ्यांना आशिया खंड फार आवडतो. तू ती पाटी सोड आणि एखाद्या कोरड्या, उथळ खळग्यापाशी बस. आतल्या भिंतीवरून तळवा फिरव. गुळगुळीत लागेल, आणि आडव्या हलक्या वळ्या जाणवतील. मग तळाशी बघ, नशीब असेल तर दोन-चार गोल गोटे पडलेले असतील. कारागीर तेच. पुराचं पाणी भोवऱ्यात गोटा फिरवतं, गोटा खडक घासतो आणि स्वतःही झिजतो; तो संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो. इथंच का? कारण इथं पाषाण सलग उघडा पडलाय आणि नदी अरुंद होऊन जोरात पळते. मी वर्गात फळ्यावर हे किती वेळा काढलं असेल, पण हात लावल्याशिवाय पटत नाही कुणाला.

पावसाळ्यात जाऊ नका. तेव्हा खळगे पाण्याखाली असतात आणि कडेचा खडक शेवाळाने निसरडा. उन्हाळ्यातही धरणातून आवर्तन सुटलं की पाणी वाढतं. पाणी भरलेल्या खळग्याच्या काठावर उभं राहून फोटो नको, तिथं माणसं बुडालेली आहेत. तिथल्या मळगंगेच्या देवळापाशी कुणीतरी फुलं-नारळ विकत असतं, त्यांना विचारा आज कुठपर्यंत जावं. त्यांचं ऐका, इंटरनेटवरच्या व्हिडिओचं नको.

आणि एक, गाडीतल्या भांडणाबद्दल. ते होणार. दुसऱ्या दिवशी दुपारी, भूक लागल्यावर. म्हणून सहापैकी तीन ठिकाणं तिची असू देत: तिथं किती वेळ थांबायचं ते ती ठरवेल, आणि तू घड्याळ बघायचं नाहीस. तिने एखादं गाळलं तर गाळू दे. बोरी गाळेल असा माझा अंदाज आहे. गाडी तिची आणि चालवणार ती, तेव्हा वाटेतला चहा, डिझेल आणि पंक्चर तुझ्याकडे. गाणी कुणाची लावायची यावर मला मत नाही.

तर विज्ञान दिन की पाडवा, ते दोघी बोलून ठरवा. दोन्ही एकदम साधणार नाही. माझं मत विचारशील तर पाडव्याच्या आधीचा आठवडा. थाळ्या रस्त्यावरून कधीही दिसतात, राहुट्या वर्षातून एकदाच. मात्र ठरलं की चार दिवस आधी फोन कर. बेल्ह्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी शिक्षिका आहे, तिला सांगून ठेवते. दुपारच्या चहाला घरी नेल्याशिवाय ती तुम्हाला सोडणार नाही, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

तुझ्या,
भूगोलाच्या बाई