वर्ग चार तासांचा, मग उरलेला दिवस कशाला?

प्रश्न : मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जूनमध्ये चार आठवडे स्पॅनिश शिकायला स्पेनमधल्या सालामांकाला जायचं म्हणते. माहितीपत्रक पाहिलं, तर वर्ग रोज नऊ ते एक, आणि पुढे 'दुपारनंतर शहराचा आनंद घ्या'! एवढे पैसे भरून पोरगी अर्धा दिवस हिंडणारच ना? शिवाय आम्ही शाकाहारी. (अंडं खाते, पण घराबाहेर.) काय करावं?
— एक वडील, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : काका, माझ्या बाबांनीही हाच हिशोब वहीत मांडला होता. तरी मला पाठवलं, आणि आज मी इंदुरातच स्पॅनिश शिकवते. तेव्हा त्या हिंडण्याबद्दलच सांगते.

वर्गाची काळजी नको. मराठी मुलीला तो जडही जात नाही. आपण 'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात' म्हणतो ना, स्पॅनिश अगदी तसंच चालतं : 'मे गुस्ता एल मांगो', 'मे गुस्तान लोस मांगोस'. इंग्रजीतून विचार करणारी मुलं इथेच अडकतात. त आणि द आपल्या घरचेच. जीभ अडते ती फक्त 'र'ला. साधा 'पेरो' म्हणजे 'पण', आणि 'र' थरथरवला की तोच कुत्रा.

एकला वर्ग सुटला की मी प्लासा मायोर या मोठ्या चौकाजवळच्या मंडईत जायची. पहिल्या दिवशी एका गाळ्यापुढे पाच-सहा बायका उभ्या, रांग मात्र नाही. मी सरळ पुढे घुसले आणि सवयीनं टोमॅटो उचलून दाबून पाहिला. सगळ्या गप्प! भाजीवाली म्हणाली, 'नो से तोका, इखा.' म्हणजे, हात लावायचा नसतो, पोरी. तिथे माल दुकानदारच काढून देतो. मागच्या बाईंनी हसून रांगेचाही उलगडा केला. आल्या आल्या विचारायचं, 'किएन एस ला उल्तिमा?', शेवटची कोण? जी 'मी' म्हणेल तिच्यामागे आपला नंबर, मग कुठेही उभं राहा. दुसऱ्या दिवशी नुसता तो प्रश्न विचारायला मिळावा म्हणून मी एक लिंबू घ्यायला गेले.

दुपारी दोन ते पाच बहुतेक दुकानं बंद. अडीचला जेवण, मग गृहपाठ आणि डुलकी. माझ्या बाबतीत डुलकीच जास्त.

संध्याकाळी वर्गातल्या बाईंनी दिलेलं काम असायचं. एकदा म्हणाल्या, विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवरचा बेडूक शोधून या, इंग्रजीत कुणाला विचारायचं नाही. हे विद्यापीठ १२१८ सालचं. दारावर सोनेरी दगडात कोरीवकामाची नुसती दाटी, त्यात एका कवटीवर हा एवढासा बेडूक बसलाय. जो विद्यार्थी स्वतः शोधेल तो पास होतो अशी समजूत! चाळीस मिनिटं मान वर करून उभी होते. शेवटी एक आजोबा सांगू लागले, 'मास अरीबा, आ ला देरेचा', आणखी वर, उजवीकडे. मी आपली डावा खांब न्याहाळतेय! आजोबांनी शेवटी माझी छत्रीच घेऊन तिनं दाखवलं. उजवं-डावं त्यानंतर कधी चुकले नाही. तिथल्या नव्या कॅथेड्रलच्या एका दारावर अंतराळवीरही कोरलेला आहे, १९९२च्या दुरुस्तीतला. कुठल्या दारावर ते सांगत नाही, तुमच्या लेकीला शोधू दे.

रात्रीचं म्हणाल, तर जूनमध्ये तिथे दहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जेवण साडेनऊ-दहाला. प्लासा मायोरच्या घड्याळाखाली भेटायचं, फेऱ्या मारायच्या, बोलायचं. आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळं गाव तिथे. रात्री अकराला आपल्या सराफा बाजारातल्या खाऊगल्लीत उभं राहून भुट्ट्याचा कीस खाणाऱ्या आपल्याला यात काय नवल?

खाण्याचं मात्र पक्कं शिकवून पाठवा. मी 'सिन कार्ने', मांसाशिवाय, असं सांगितलं आणि पावात मासा निघाला. मासा त्यांच्या लेखी 'कार्ने' नाही, आणि हॅमचे तुकडेही बऱ्याचदा मोजत नाहीत. तेव्हा 'सॉय वेखेतारियाना' म्हणून वर 'सिन खामोन, सिन आतून' असं नावानिशी सांगायचं. खामोन म्हणजे हॅम, आतून म्हणजे ट्यूना मासा, आणि माझ्या पावात तो आतूनच निघाला होता! बटाटा-अंड्याची जाड तोर्तिया सगळीकडे मिळते. घराबाहेरचं अंडं चालतं म्हणालात, तेव्हा तो प्रश्न मिटला.

चार आठवड्यांत पोरगी फाडफाड बोलेल अशी आशा ठेवू नका. बाजारहाट आणि पत्ता विचारणं जमेल. माझी अट एकच : वसतिगृहात भारतीय मैत्रिणींबरोबर नको, तिथल्या कुटुंबात राहू द्या. तोर्तियावर मी जीरावन, आपला इंदुरी मसाला, भुरभुरवलं तेव्हा आमच्या घरमालकीणबाईंनी चव घेतली आणि पुडी स्वतःच्या फडताळात ठेवून दिली. तेव्हा बॅगेत दोन पुड्या घाला.